हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल, ह्या प्राध्यापकाला दुसरे काही सुचले नाही काय! अमेरिकेतला एक बास्केटबॉलचा संघ. तो हरत होता, म्हणून त्याचा प्रशिक्षक, ज्याला आपण बोलताना कोच म्हणतो, तो मालकांनी बदलला. त्यात आपल्याला काय? पण शाळेचा निकाल खाली आला की 'मुख्याध्यापकांची बदली करा' अशी जी कुजबुज गावच्या पारावर सुरू होते, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही हकिगत फारशी परकी वाटणार नाही.

बास्केटबॉल हा खेळ मुळात एका शिक्षकाचाच. १८९१ साली स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ ह्या मास्तरांनी, हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून दहा फूट उंचीवर फळांच्या टोपल्या टांगल्या आणि खेळ सुरू करून दिला. पुढे हेच नाइस्मिथ कॅन्सस विद्यापीठाच्या संघाला शिकवीत, आणि तेथे त्यांचा हिशोब ५५ विजय व ६० पराभव असा आहे! ज्याने खेळ जन्माला घातला त्याची ही गत. पण तेव्हा तो खेळ होता, धंदा झाला नव्हता.

धंदा झाल्यावरची गोष्ट फिलाडेल्फिया शहराची. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली ह्याच शहरात मंजूर झाला, म्हणून तेथल्या धंदेवाईक संघाचे नाव 'सेव्हंटी-सिक्सर्स', म्हणजे शहात्तरवाले. १९६६-६७ च्या हंगामात ह्या संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले आणि अजिंक्यपदही मिळवले. विल्ट चेंबरलेन हा सात फूट एक इंच उंचीचा धिप्पाड गडी त्या संघाचा कणा होता. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९७२-७३ मध्ये, त्याच संघाने ८२ पैकी ९ सामने जिंकले. नऊ! त्र्याहत्तर हरले. त्यापूर्वी कुठल्याही संघाने एका हंगामात इतके पराभव पाहिले नव्हते.

असे झाले तरी कसे? आपल्याकडे बंदा रुपया मोडला की त्याची चिल्लर कशी संपते, ते घरच्या बायकांना विचारा. १९६८ साली चेंबरलेन लॉस एंजेलिसच्या संघाला दिला आणि त्याच्या बदल्यात तीन खेळाडू घेतले. त्यांतला एक फिलाडेल्फियाकडून कधी खेळलाच नाही, दुसरा दोन वर्षांत गेला. तिसरा आर्ची क्लार्क, तो गुणी होता. पण १९७१ साली त्यालाही बाल्टिमोरला देऊन फ्रेड कार्टर आणि केव्हिन लॉहरी असे दोघे आणले. ही दोन नावे लक्षात ठेवा, ती पुढे यायची आहेत. इकडे चेंबरलेनने १९७२ साली लॉस एंजेलिसला अजिंक्यपद मिळवून दिले. त्याच वर्षी बिली कनिंगहॅम हा फिलाडेल्फियाचा उरलेला मोठा खेळाडू करारानुसार दुसऱ्या संघटनेतल्या कॅरोलायना संघाकडे निघून गेला. प्रशिक्षक जॅक रॅमसे, शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले गृहस्थ, तेही बफेलोला गेले.

मग नवा कोच शोधू लागले. शेवटी वर्तमानपत्रात जाहिरात दिली असे सांगतात. नेमणूक झाली रॉय रुबिन ह्यांची. वय चाळिशीतले, म्हणजे साधारण माझ्याच पिढीच्या माणसाचे. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड विद्यापीठात त्यांनी अकरा वर्षे विद्यार्थ्यांचा संघ घडवला होता. धंदेवाईक खेळाचा अनुभव मात्र काहीच नव्हता. महाविद्यालयात वर्षाला पंचवीसेक सामने, समोर वीस वर्षांची पोरे, आणि सरांचा शब्द म्हणजे शब्द. येथे ८२ सामने, आज ह्या शहरी तर उद्या त्या शहरी, आणि समोर कोचपेक्षा ह्या मैदानाची जास्त माहिती असलेले जाणते खेळाडू. ते काय 'सर, सर' करणार?

पहिले १५ सामने ओळीने हरले. रुबिन ह्यांचे काही चुकले नाही असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या प्रकारच्या वर्गात जाऊन पहिल्याच वर्गाचा धडा शिकवणारे शिक्षक आपण पाहिले आहेत, आणि मीही कधी कधी त्यांतला असतो. पण एक प्रश्न राहतोच. बियाणे विकून झाल्यावर शेत ज्याच्या हवाली केले, त्या सालगड्याला पीक आले नाही म्हणून किती दोष द्यायचा?

जानेवारी १९७३ मध्ये रुबिन ह्यांना काढले. तोवरचा हिशोब ४ विजय, ४७ पराभव.

आता मालकांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. हंगामाच्या मध्ये बारा खेळाडू बदलता येत नाहीत. बाजारात घेणारे नसतात, देणारे नसतात. प्रेक्षक तिकिटे घेईनासे झालेले असतात आणि त्यांना काहीतरी करून दाखवावे लागते. कोच हा एकच माणूस. त्याचा करार मोडला तर उरलेला पगार बहुधा द्यावा लागतो, पण सगळा संघ बदलण्यापेक्षा ते स्वस्तच पडते. म्हणून कुऱ्हाड तेथे पडते. त्यात नेहमीच दुष्टपणा असतो असे नाही, पुष्कळदा नुसती लाचारी असते.

रुबिन ह्यांच्या जागी संघातलाच एक खेळाडू बसवला: तो केव्हिन लॉहरी, वय ३२. पहिले ११ सामने तोही हरला. आधीचे नऊ धरून ओळीने वीस पराभव झाले. मग काय झाले कोणास ठाऊक, पुढच्या सातांपैकी पाच सामने ह्या संघाने जिंकले! गडी तेच, तिकडचा कोच नवा. तेव्हा कोच बदलून काहीच होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे पाच विजय विसरू नयेत. माणसे नव्या आवाजाने काही दिवस जागी होतात. पण बरं का मंडळी, त्यानंतरचे १३ सामने, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचे सगळेच्या सगळे, ते हरले. लॉहरीचा हिशोब ५ विजय, २६ पराभव.

हा लॉहरी पुढल्याच हंगामात दुसऱ्या संघटनेतल्या न्यूयॉर्क नेट्स संघाचा प्रशिक्षक झाला. तेथे त्याला ज्युलियस अर्व्हिंग हा अलौकिक खेळाडू मिळाला. १९७४ साली नेट्स अजिंक्य झाले, १९७६ साली पुन्हा झाले. एकाच वर्षात ह्या माणसाला अक्कल फुटली असे कोणी म्हणेल काय?

येथे माझे स्वतःचे थोडे सांगतो. चार वर्षे मी एका महाविद्यालयाच्या कबड्डी संघाचा प्रमुख होतो. तीन चांगली पोरे एकदम पदवी घेऊन बाहेर पडली, त्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत हरलो आणि प्रमुखपद माझ्या एका सहकाऱ्याकडे गेले. राग आला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पुढच्या वर्षी तेही पहिल्याच फेरीत हरले. तेव्हा मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते. ते बिचारे माझ्याच जागी उभे होते, आणि ते मला तेव्हा दिसले नाही. असो.

फिलाडेल्फियाची गोष्ट पुरी व्हायची आहे. हळूहळू संघ सावरला. १९७६ साली त्यांनी तोच अर्व्हिंग विकत घेतला. १९७७ साली ते अंतिम फेरीत पोहोचले, पहिले दोन सामने जिंकले आणि नंतरचे चारही हरले. हरवणारा संघ पोर्टलंडचा, आणि त्याचे प्रशिक्षक कोण, तर फिलाडेल्फिया सोडून गेलेले ते डॉक्टर रॅमसे! पुढच्या हंगामाच्या आरंभी सहापैकी चार सामने गेले, आणि मालकांनी पुन्हा कोच बदलला. जीन शू ह्यांना काढून त्यांच्या जागी कोणाला आणावे? कनिंगहॅमला. १९७२ साली निघून गेलेला, पुढे परत येऊन खेळलेला, पण प्रशिक्षक म्हणून एक दिवसही काम न केलेला असा हा माणूस. त्याने उरलेल्या ७६ सामन्यांपैकी ५३ जिंकले आणि १९८३ साली ह्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले.

तेव्हा एकाच गावात, पाच वर्षांच्या आत, एकाच उपायाचे दोन परिणाम झाले. दोन्ही वेळा नवखा माणूस आणला. १९७३ साली त्याच्या हाती देण्यासारखे काही उरले नव्हते. १९७७ साली घर भरलेले होते, फक्त मांडणी बिघडली होती. मालकांनी दोन्ही वेळा विचार तोच केला असेल, असे मला वाटते. फरक कोठारातल्या दाण्याचा होता. पण हे कोठार कोणी पाहत नाही, कारण पाहिले तर ते रिकामे कोणी केले हाही प्रश्न निघतो.

रुबिन ह्यांना त्यानंतर त्या संघटनेत कोणी पुन्हा प्रशिक्षक नेमले नाही. त्यांच्या नावापुढे ते ४ आणि ४७ कायमचे राहिले. आणि फ्रेड कार्टर? त्या पडक्या हंगामात संघातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्यालाच निवडले होते. वीस वर्षांनी, मार्च १९९३ मध्ये, फिलाडेल्फिया पुन्हा हरू लागले तेव्हा हंगामाच्या मध्येच डग मो ह्या प्रशिक्षकांना काढले आणि त्या खुर्चीवर कार्टरला बसवले. उरलेल्या २६ सामन्यांत संघ ७ जिंकला. पुढच्या वर्षी ८२ पैकी २५. मग त्यालाही काढले.