चिलखती माशाची लांबी



डायनासोर पृथ्वीवर आले त्याच्या कितीतरी आधी, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी, उथळ समुद्रांत एका माशाचा दरारा होता. त्याचं नाव डंक्लिऑस्टिअस. त्याच्यावरूनच त्याच्या कुळाला डंक्लिऑस्टिइडी म्हणतात. हे कुळ प्लॅकोडर्म या गटातलं. या माशांचं डोकं आणि छाती हाडांच्या जाड तुकड्यांनी मढवलेली असे. चिलखत घालूनच जन्माला आलेले मासे म्हणा ना!

या माशाचे उत्तम जीवाश्म अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंडच्या परिसरात सापडले. १८६७ मध्ये जे टेरेल नावाच्या गृहस्थांना ईरी सरोवराकाठच्या कड्यांत हाडं मिळाली आणि १८७३ मध्ये भूवैज्ञानिक जॉन न्यूबेरी यांनी या जातीला टेरेल यांचं नाव दिलं. प्रजातीचं आजचं नाव मात्र १९५६ मधलं. क्लीव्हलंडच्या संग्रहालयातले अभ्यासक डेव्हिड डंकल यांच्यावरून ते ठेवलं गेलं. इथला खडक म्हणजे काळा, पापुद्रे सुटणारा शेल. त्या काळी हा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला समुद्राखाली होता. तळाशी प्राणवायू कमी असल्यामुळे मेलेल्या माशांचे लचके तोडणारं तिथे फारसं कुणी नव्हतं, म्हणून हाडं टिकली.

आता त्याचा जबडा बघू. या माशाला आपल्यासारखे दात नव्हते. जबड्याच्या हाडालाच पुढे सुळ्यांसारखी टोकं आणि मागे धारदार कडा होत्या. अडकित्त्याच्या पात्यांसारख्या त्या एकमेकींना घासत सरकत आणि घासता घासता धारही लागत राही. डोक्याचं आणि छातीचं चिलखत सांध्यांनी जोडलेलं होतं. त्यामुळे खालचा जबडा खाली पडताना डोकं मागे उचललं जाई आणि तोंडाचा प्रचंड आ वासला जाई. फिलिप अँडरसन आणि मार्क वेस्टनीट यांनी २००६ मध्ये गणिती नमुन्यावरून हिशेब मांडला. तोंड उघडायला लागे सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग, म्हणजे भक्ष्य पाण्यासकट आत ओढलं जात असणार. चाव्याचा जोर जबड्याच्या टोकाशी सुमारे ४,४०० न्यूटन, म्हणजे जवळपास साडेचारशे किलोंचा भार!

हे सगळं झालं पुढच्या भागाचं. मागचं काय? मागच्या अंगावर चिलखत नव्हतं आणि सांगाडा बहुतांशी कूर्चेचा, म्हणून तो टिकलाच नाही. मग लांबी ठरवायची कशी? पूर्वी शार्कचं प्रमाण धरून अंदाज बांधत. पुस्तकांतून आणि चित्रांतून हा मासा कधी सहा, कधी आठ, तर कधी दहा मीटरचा होत गेला. २०२३ मध्ये रसेल एंगेलमन यांनी वेगळं माप घेतलं. डोळ्याच्या खोबणीपासून कल्ल्यांच्या झाकणाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर आणि एकूण लांबी यांचं नातं त्यांनी पुष्कळ जातींच्या माशांत तपासलं. उत्तर आलं साधारण साडेतीन मीटर, आणि फार तर चार मीटरच्या थोडं वर. शरीरही सडपातळ नव्हे, कुप्यासारखं आखूड आणि गुबगुबीत.

मासा लहान झाला म्हणून कुणी हळहळायचं कारण नाही. चार मीटरचा असला तरी त्या समुद्रात तो बलाढ्य शिकारीच होता. डेव्होनियन कालखंडाच्या अखेरीस, सुमारे ३५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी, समुद्रातल्या मोठ्या उलथापालथीत सगळेच प्लॅकोडर्म नामशेष झाले. त्या जबड्याचा जोरही त्यांना वाचवू शकला नाही.

तेव्हा श्रोतेहो, एखाद्या संग्रहालयात भलामोठा सांगाडा किंवा प्रतिकृती पाहाल, तर तिथल्या माणसाला एवढं जरूर विचारा: यातलं खरं हाड कुठपर्यंत आणि अंदाज कुठून पुढे? चांगलं संग्रहालय या प्रश्नावर रागावत नाही.