पोर्तुगीज पासपोर्ट: सही करण्याआधी वकिलाला विचारा



गोवामुक्ती १९ डिसेंबर १९६१ची. त्याआधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आजही आपले नागरिक मानतो. त्यांच्या मुलांना आणि नातवंडांनाही लिस्बनला जन्माची नोंद करून ते नागरिकत्व मिळवता येतं. त्यामुळे गोव्यातल्या कितीतरी घरांत पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघतो.

पासपोर्ट काढून देणारा एजंट सांगतो तो पोर्तुगालचा कायदा. भारताचा कायदा कोण सांगणार? आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५च्या कलम ९नुसार स्वेच्छेने परदेशाचं नागरिकत्व घेतलं, की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. परदेशी पासपोर्ट घेणं हा नियमांनुसार त्याचा निर्णायक पुरावा. नुसती जन्मनोंद केलेल्यांचं भारतीय नागरिकत्व जातं का, याबद्दल मात्र वर्षानुवर्षं वाद आहे, आणि त्याचा निर्णय केंद्र सरकार देतं. म्हणूनच नोंदीच्या अर्जावर सही करण्याआधी वकील गाठायला हवा.

नागरिकत्व गेलं, की मताचा हक्क जातो, निवडणूक लढवता येत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तो तसाच वापरत राहणं गुन्हा आहे. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळालं तर आयुष्यभर येता-जाता येतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेती असलेल्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

दुसरी अडचण नावांची. जुन्या नोंदवहीत पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं नाव शाळेच्या दाखल्याशी, आधारशी जुळत नाही. अशी दुरुस्ती कायद्याच्या मार्गानेच करावी. 'कागद करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती मूळ दाखले देऊ नका. दाखला खोटा निघाला, तर गुन्हा अर्जदारावरही दाखल होऊ शकतो.

आणि इंग्लंडला जाण्यासाठी हा पासपोर्ट काढणार असाल, तर लक्षात घ्या: १ जानेवारी २०२१पासून पोर्तुगीज नागरिकांनाही तिथे नोकरीसाठी नव्याने जायचं तर व्हिसा लागतो.

वकिलाकडे जाताना जन्मदाखले, आईवडिलांचा विवाहदाखला, सध्याचा पासपोर्ट आणि जमिनीचे कागद सोबत न्या. काय मिळेल, काय जाईल आणि फी किती, हे लेखी मागा. पोर्तुगालच्या कायद्यासाठी तिथल्या वकिलांच्या संघटनेत नोंद असलेलाच वकील निवडा.

फी परवडत नसेल, तर कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत महिलांना उत्पन्नाची अट न लावता मिळते.

पासपोर्ट घ्यावा की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. तो दोन्ही देशांचे कायदे समजून घेऊन मगच घ्या, एवढीच माझी कळकळीची विनंती.