पहिलं कारण आणि त्यापुढचा प्रश्न



बारामती-इंदापूर भागातल्या माणसाला कार्यकारणभाव पुस्तकातून शिकावा लागत नाही. उसाला पाणी येतं चारीतून, चारीला नीरा डाव्या कालव्यातून. १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या या कालव्याला पाणी वीरहून, वीरला भाटघरहून, भाटघरला सह्याद्रीतल्या पावसातून. इंदापूरकडे, कालव्याच्या शेपटाला पाणी पोचलं नाही, की शेतकरी ही साखळी उलटी मोजत जातो. अडलं कुठं?

ईश्वर आहे हे सिद्ध करणारा एक जुना युक्तिवाद याच वाटेनं जातो. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, कारणांची रांग अनंत मागे जाऊ शकत नाही, म्हणून एक आदिकारण हवं, तोच ईश्वर. आपल्या नैयायिकांनी घट आणि कुंभाराचा दाखला दिला. इमाम गझाली (१०५८-११११) यांनी मांडणी आणखी नेमकी केली : ज्याला आरंभ आहे त्याला कारण आहे, जगाला आरंभ आहे, म्हणून जगाला कारण आहे.

यावर घरातलं लहान मूल विचारतं, ‘‘मग अल्लाला कुणी बनवलं?’’ मोठी माणसं त्याला गप्प करतात. खरं तर हा प्रश्न हदीसमध्येही आला आहे. तो मनात आला तर अल्लाचा आसरा घ्यावा आणि थांबावं, असं तिथं सांगितलं आहे. श्रद्धावंताला दिलेला हा सल्ला मला समजतो. पण सल्ला म्हणजे पुरावा नव्हे. ‘कारण विचार’ म्हणत पायऱ्या चढायच्या आणि शेवटच्या पायरीवर ‘आता विचारू नको’ म्हणायचं, हे तर्कात बसत नाही.

गझालींचं उत्तर असं, की ज्याला आरंभच नाही त्याला कारण लागत नाही. ठीक. पण मग विश्वालाच आरंभ नसेल तर? जैन आणि मीमांसक विचारवंतांनी जग अनादि मानलं आणि निर्माता नाकारला. महास्फोट सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी झाला, असं आज विज्ञान सांगतं. पण तो सगळ्याचाच आरंभ, की एका अवस्थेचा, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

दुसरी गोष्ट. विस्तवाजवळ कापूस जळताना आपण पाहतो. विस्तवानं तो जाळलाच पाहिजे, ही सक्ती कुणी पाहिलेली नाही, असं गझालीच म्हणतात. मग ‘आरंभाला कारण हवंच’ ही सक्ती तरी आपण कुठं पाहिली? इब्न रुश्द (११२६-११९८) यांनी गझालींना सडेतोड उत्तर दिलं, की कारण नाकारणं म्हणजे बुद्धीच नाकारणं. दोघंही इस्लामचे मोठे विद्वान. या वादात एकानं पुस्तक लिहिलं, तर दुसऱ्यानं उत्तरादाखल पुस्तकच लिहिलं.

आणि समजा, आदिकारण मान्य केलं. ते दयाळू आहे, आपली दुवा ऐकतं, हे त्यातून कुठं निघतं? मी सिजद्यात कपाळ टेकतो ते एखाद्या युक्तिवादाच्या निष्कर्षापुढं नव्हे. म्हणून तो युक्तिवाद ढासळला तर माझी चटई ओढली जात नाही. पण ज्याला लहानपणापासून ‘श्रद्धेचा पाया हाच’ असं शिकवलं, त्या पोराचं काय? कॉलेजात एक प्रश्न ऐकून त्याचं सगळंच कोसळतं, आणि घरी तर बोलायची सोय नसते.

त्या पोराला घराबाहेरचा समजू नका. त्याला गझाली वाचायला द्या, आणि सोबत इब्न रुश्दही द्या.