कंबरेचें दुखणें आणि मणक्यांमधील गादी



मी वैद्य नव्हे. तथापि आजाऱ्यांच्या समाचारास घरोघर जाण्याचा प्रसंग मला नित्य येतो, आणि ज्या एका शब्दानें पुष्कळ माणसें खाटेला खिळलेलीं दिसतात तो शब्द म्हणजे 'गॅप'. "फादर, मणक्यांत गॅप आली," एवढें बोलून धडधाकट माणूस हातपाय गाळून बसतो. या शब्दाचा नीट उलगडा झाला तर निम्मी भीति नाहींशी होईल, म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

आपल्या कण्यांत मणक्यामणक्यांमध्यें मिळून 23 गाद्या असतात. गादीच्या कडेला चिवट तंतूंचें अनेकपदरी कडें व आंत पाणीदार गर, अशी तिची रचना. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. लगतच्या मणक्यांतून जें झिरपून येईल त्यावरच तिचें पोषण चालतें. वयाबरोबर गरांतील पाणी आटतें, कड्याला भेगा पडतात व गादी बसकी होते. म्हणजे मणक्यांमधील अंतर वाढत नाहीं, उलट कमी होतें! 'गॅप' हें नांवच मुळीं चुकलें आहे. ही झीज बहुधा कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत अधिक दिसते.

परंतु झीज म्हणजेच रोग असें मात्र समजूं नये. ज्यांची पाठ मुळींच दुखत नव्हती अशा 3,110 माणसांच्या सी.टी. व एम.आर.आय. चित्रांचा एकत्र आढावा 2015 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत 20 वर्षांच्या वयोगटांत शेंकडा 37 व 80 वर्षांच्या वयोगटांत शेंकडा 96 जणांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावे तशीच ही गोष्ट. तेव्हां चित्रावरील एखाद्या शब्दानें घाबरून शेतीभाती किंवा नोकरी सोडण्याचें कारण नाहीं. दुखणें कोठून येतें हें डॉक्टर रोग्याला तपासून आणि त्याचें म्हणणें ऐकून ठरवितो.

गादीचें दुखणें बहुधा कंबरेंत खोलवर असतें. फार वेळ बसल्यानें, वांकल्यानें, ओझें उचलल्यानें तें वाढतें. उठून चार पावलें टाकलीं कीं हलकें होतें. महिनेच्या महिने बरें वाटतें आणि मध्येंच एके दिवशीं उसण भरते. गर बाहेर सरकून नस दाबली गेली तर कळ मांडीमागून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत उतरते, व खोकतांना शिंकतांना अधिक होते.

पूर्वीं डॉक्टरच आठवडेच्या आठवडे निजून राहण्यास सांगत. तो सल्ला आतां मागें पडला आहे. एक-दोन दिवस विसांवा पुरे. मग सोसेल तितकें चालावें, घरकाम करावें. खाटेवर स्नायु दुबळे होतात आणि सगळा भार पुन्हां त्याच गादीवर येतो. शेक घ्यावा. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस व डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्याव्या, कारण त्या जठरास व मूत्रपिंडास बाधतात. पट्टा जन्मभर बांधूं नये. पोटाचे व पाठीचे स्नायु बळकट करणारा व्यायाम नियमानें करणें, हा खरा उपाय. पण तो फुकट मिळतो म्हणूनच कीं काय, कोणी करीत नाहीं! पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची चाल आपल्याकडे आहे. उसण बहुधा कांहीं आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय मात्र पायाळूला मिळतें. बाहेर आलेला गरहि पुष्कळदां आपोआप आक्रसतो. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

तथापि कांहीं लक्षणें दिसतांच घरीं बसूं नये. लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, जांघांमधला भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे पडूं लागले, तर त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. उशीर झाल्यास हें व्यंग कायमचें राहूं शकतें. ताप, वजन घटणें व रात्रीं न थांबणारी वेदना असेल तर मणक्याचा क्षय असूं शकतो. हा रोग आपल्या देशांत आजहि आढळतो व औषधांनीं बरा होतो. वृद्ध स्त्री पडल्यावर तिची पाठ दुखूं लागली तर मणका मोडला नाहीं ना, तें पाहून घ्यावें.

आणखी एक. मिस्साच्या वेळीं गुडघे टेकणें ज्यांस सोसत नाहीं, त्यांनीं खुशाल बसावें किंवा उभें राहावें; मागच्या बांकावरून कोणी बोललेंच, तर त्यास माझ्याकडे पाठवावें.