एक्सेल हँग होतंय, पण चोर दुसराच!

हेडफोन लावलेत ना? आज ऑफिसच्या कॉम्प्युटरबद्दल बोलू.

गेल्या महिन्यात आमच्या अकाउंट्सवाल्या ताईंचं एक्सेल सारखं हँग व्हायचं. सगळ्यांचं निदान एकच: व्हायरस, फॉरमॅट मारा! म्हटलं, थांबा जरा. कंट्रोल दाबून धरून एक्सेल उघडलं. असं केलं की ते सेफ मोडमध्ये, ॲड-इनशिवाय उघडतं. मस्त चाललं. दोष एका जुन्या ॲड-इनचा निघाला.

विषय संपला? छे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, तर स्टार्टअपमध्ये एक अनोळखी नाव. राइट क्लिक करून फाइलची जागा बघितली: ॲपडेटा फोल्डर. तिथे चांगले प्रोग्रामही असतात बरं का. पण तारीख? ताईंनी फुकटचा मराठी फॉन्ट कन्व्हर्टर उतरवला तोच दिवस! आणि हे एकदाही हँग झालं नव्हतं. पाळत ठेवणारा आवाज कशाला करेल?

आधी नेटची वायर काढली. मग आयटीवाल्या दादांनी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला, त्यात ते पकडलं गेलं. तेवढ्यात ताई त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड बदलायला बसल्या. अहो नको! की-लॉगर असेल तर नवा पासवर्डही जाईल. स्वतःच्या मोबाइलवरून बदलायला लावला, मेलही सगळीकडून लॉग आउट करायला लावला, कारण चोरलेल्या कुकीला पासवर्ड लागत नाही. पैसे गेले असते तर लगेच १९३० ला फोन. नशीब, गेले नव्हते.

दादांनी शेवटी मशीन फॉरमॅट केलंच. पण आता त्याला कारण होतं.