एक पाल, चार घरं

'पाल' म्हटलं की आपल्याला आधी भिंतीवरची दिसते. पण माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत माणसं पालं ठोकून मुक्काम करतात, आणि तिथं कुणाच्याही मनात शंकेची पाल चुकचुकत नाही!

आता धर्माबादहून तेलंगणात उतरा. तिथं 'पालकोवा' पुढ्यात आला तर दचकू नका. तेलुगूत 'पालु' म्हणजे दूध, आणि पालकोवा म्हणजे खव्याची मिठाई. बिनधास्त खा. उदगीरकडून बिदरला गेलात तर तेच दूध 'हालु' होतं, कारण जुन्या कन्नडातला 'प' पुढे 'ह' झाला. पालीचीही तीच गत. ती संस्कृतात आणि तमिळमध्ये 'पल्ली', तेलुगूत 'बल्लि', तर कन्नडात 'हल्लि'. इथं मात्र जीभ सांभाळा. 'ल'चा 'ळ' झाला की 'हळ्ळि', म्हणजे खेडं.

१९५६पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. म्हणून सीमेवरच्या बाजारात आजही असे शब्द सहज कानावर पडतात.

सगळ्यात लांबचा प्रवास मात्र इंग्रजीतल्या 'पाल'चा. त्याचा अर्थ दोस्त. भारतातून युरोपात गेलेल्या रोमा लोकांच्या भाषेत 'फ्राल' किंवा 'फाल' म्हणजे भाऊ, आणि त्याचं मूळ संस्कृत 'भ्रातृ'. सतराव्या शतकात तो इंग्रजीत शिरला. आपला 'भाऊ'ही त्याच 'भ्रातृ'चा. म्हणजे इंग्रजांचा हा 'पाल' आपल्या पालीचा कुणीच लागत नाही, भाऊचा मात्र सख्खा लागतो.