मोत्याचा मोडका पाय आणि घरात आलेली चिंगी



आम्ही पेण तालुक्यातल्या एका बचत गटातल्या बाया. पोह्याचे पापड करतो. पापड लाटायला हात लागतात, तसं वाळवण राखायलाही कोणीतरी लागतं. माकडं आली की दिवसभराची मेहनत घटकेत जाते. आमचं वाळवण राखतो तो मोत्या, आमचा गावठी कुत्रा. आज त्याच्याबद्दल सांगायचंय, कारण त्याच्या बाबतीत आमची चूक झाली.

शिमग्याला चाकरमान्यांच्या गाड्यांनी गोवा महामार्ग भरलेला असतो. त्या गर्दीत मोत्याला धडक बसली आणि मागचा पाय मोडला. गुरांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. दीड-दोन महिने धावणं नाही, उडी नाही, असं बजावलं. कुत्र्यावर एवढा खर्च कशाला, असं काहीजणी म्हणाल्या. पण मोत्याने राखलेल्या पापडांचा हिशेब मांडला, तशी सगळ्यांनी वर्गणी काढली.

वाळवणाला आता राखणदार नव्हता. आमच्यातल्या एका ताईंनी रोह्याहून, माहेराहून, अडीच महिन्यांचं पिल्लू आणलं. तिचं नाव चिंगी. आम्ही कौतुकाने तिला थेट मोत्याच्या गोणपाटावर सोडलं. मोत्या गुरगुरला. आम्हीच त्याला चापट मारली, "अरे, लहान आहे ती!" चिंगी त्याच्या दुखऱ्या पायावर चढली आणि मोत्या अंगावर गेला. तिला उचलायला एका ताईंचा मुलगा मध्ये आला, त्याच्या तळहाताला दात लागला. मोत्या धडपडून उठला आणि प्लास्टरला तडा गेला.

मुलाचा हात आम्ही लगेच नळाखाली धरला आणि साबण लावून १५ मिनिटं धुतला. कोणी हळद आणली, कोणी मिरची. आम्ही काहीच लावू दिलं नाही. तसंच सरकारी दवाखान्यात नेलं. मोत्याला दरवर्षी रेबीजची लस देतो, तरी नेलं. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर इलाज नाही, म्हणून इंजेक्शनची एकही तारीख चुकवायची नाही.

संध्याकाळी बैठकीत वाद झाला. कोणी म्हणालं, चिंगीला बाजारात सोडून या. कोणी म्हणालं, मोत्याच पिसाळला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं, "तो पिसाळलेला नाही, त्याला दुखतंय. गुरगुरून तो सांगत होता, लांब राहा. त्यासाठी मारलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल." आम्ही गप्प झालो. बाळंतिणीच्या खोलीत आपण पाहुण्यांची पोरं मोकळी सोडतो का? मग मोत्याच्या अंगावर पिल्लू का सोडलं?

मग आम्ही नीट घडी बसवली. मोत्याला पडवीच्या कोपऱ्यात आडोसा केला. फरशी गुळगुळीत, म्हणून खाली गोणपाट घातलं. प्लास्टर कोरडं ठेवलं. रोज त्याची बोटं बघितली. सूज, गारवा किंवा घाण वास आला तर लगेच डॉक्टर. आपल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या त्याला दिल्या नाहीत, त्या कुत्र्याला विषासारख्या बाधू शकतात. उरलेल्या कालवणातला कांदाही नाही, मग तो अलिबागचा पांढरा का असेना. त्याने कुत्र्याचं रक्त कमी होतं.

चिंगीला मागच्या खोलीत दोन आठवडे वेगळं ठेवलं. भांडी वेगळी. तिला जंताचं औषध दिलं. पार्व्होची लस सुरू केली. ती एकदा देऊन भागत नाही, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची दिली. तोवर एकाचं गोणपाट दुसऱ्याकडे ठेवायचो, म्हणजे वासाची ओळख होते.

मग भेट घडवली, ती अंगणात, दोघांच्या गळ्यात दोरी सैल धरून, लांबून, पाचच मिनिटं. मोत्या ताठ झाला की चिंगीला मागे घ्यायचं. मोत्याला ओरडायचं नाही. जेवण आणि लाड आधी मोत्याला. मुलांना एकच नियम, कुत्रं जेवताना, झोपलेलं असताना किंवा दुखत असताना हात लावायचा नाही.

वैशाखात प्लास्टर निघालं. मोत्या अजून थोडा लंगडतो. चिंगी माकडांवर भुंकते आणि मोत्या बसल्या जागेवरून बघतो. जेवायला दोघं आजही वेगळीच बसतात, आणि आम्ही तसंच ठेवलंय. मुलाच्या हाताची जखम भरली, त्याची सगळी इंजेक्शनं पूर्ण झाली.

मैत्रिणींनो, तुमच्या दारात आजारी जनावर असेल आणि नवं येणार असेल, तर आधी दोन जागा करा, दोन भांडी ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीचं विचारून या. ओळखीची घाई करू नका. आम्ही घाई केली आणि त्याची किंमत एका लेकराच्या हाताने मोजली.